चुकून आलेली गिटार

आयर्लंडमधल्या वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडमध्ये जिम कॉनलन नावाचा गिटारवादक होता. १९६० नंतरच्या एकदोन वर्षांत त्याने अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार मागवली, लाल रंगाची. आली ती भलतीच. कडांना काळपट, मध्ये मधासारखी पिवळी, ज्या रंगाला त्या धंद्यात ‘सनबर्स्ट’ म्हणतात ती. लाल गिटार येईपर्यंत कॉनलनने तिच्यावर भागवलं आणि लाल आल्यावर ही विकायला काढली. कॉर्क शहरातल्या क्राउली यांच्या वाद्यांच्या दुकानात ती सेकंडहँड म्हणून टांगली गेली. १९६३ साली पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने ती शंभर पौंडांना हप्त्यांवर घेतली. त्या काळच्या आयरिश घराला ही रक्कम न पेलणारी होती. पोराने आईची समजूत घालताना मांडलेला हिशेब त्याच्या भावाने पुढे अनेकदा सांगितला आहे: या एका गिटारवर साथही वाजवता येते आणि मुख्य सूरही, म्हणजे बँडमध्ये दुसरा गिटारवादक लागणार नाही, पैसे वाचतील. कलेच्या ओढीने वेड्या झालेल्या मुलाची ही भाषा नाही. चार माणसांत बिदागी वाटायची की तीन, हे ज्याला कळतं त्याची ही भाषा आहे.

तो मुलगा रोरी गॅलहर. (आडनावाच्या स्पेलिंगमधला दुसरा ‘जी’ आयरिश लोक उच्चारत नाहीत; ‘गॅलाघर’ हे आपण वाचून केलेलं रूप.) जन्म २ मार्च १९४८ रोजी डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावी, मृत्यू १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये. मधल्या ४७ वर्षांची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते की आयर्लंडमध्ये शोबँड नावाची नकलाकारांची बाजारू दुनिया होती, त्या चिखलात हे कमळ उगवलं, त्याने गणवेश फेकून चौकड्यांचा शर्ट घातला आणि ब्लूज-रॉकच्या मोकळ्या हवेत आला. गोष्ट ऐकायला छान आहे आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे. पण गॅलहरच्या कामाचा तपशील पाहिला, म्हणजे तो कुठे वाजवत होता, किती वाजवत होता, कशासाठी नाही म्हणत होता हे पाहिलं, की चित्र बदलतं. माझं म्हणणं असं की तो शोबँडच्या धंद्यातून सुटला नाही. त्या धंद्याच्या सवयी, रिवाज आणि फिरतीचे रस्ते त्याने रॉकमध्ये आणले. शोबँड बुडाल्यावर त्याचा सगळ्यात खरा वारस कोण, याचं उत्तर गॅलहर हेच आहे.

त्यासाठी आधी तो धंदा समजून घ्यायला हवा. १९३५ च्या पब्लिक डान्स हॉल्स ॲक्टने आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचाला परवाना लागू केला. घरात, चौरस्त्यावर जमून नाचण्यावर धर्मगुरूंचा राग होताच. आता कायदाही आला, आणि नाच हळूहळू बंदिस्त सभागृहांत गेला. कित्येक सभागृहं चर्चच्याच ताब्यातली. १९४६ पासून खेड्यापाड्यांत वीज पोचवण्याची योजना सुरू झाली. वीज आली तसे माइक आले, अँप्लिफायर आले, आणि रस्त्याकडेच्या माळावर मोठमोठे बॉलरूम उभे राहू लागले. पुढे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स आणि त्यांचे भाऊ यांनी अशा बॉलरूमची साखळीच चालवली. नावं क्लाउडलँड, रोझलँड अशी. आत दारू नाही, फक्त चहा आणि लिंबू सरबताच्या जातीची पेयं. १९५० च्या दशकात टिरोन परगण्यातल्या स्ट्रबेन गावच्या क्लिपर कार्लटन या बँडने खुर्च्या आणि समोरचे कागद ठेवायचे स्टँड बाजूला सारले, उभं राहून, हलत-डुलत वाजवायला सुरुवात केली, आणि शोबँड हा प्रकार जन्मला. सात-आठ जण, एकसारखे सूट, ट्रम्पेट-सॅक्सोफोन, रात्री उशिरापर्यंत वादन, त्या आठवड्यात रेडिओवर गाजत असलेली गाणी जशीच्या तशी. नावाजलेल्या बँडला गल्ल्यातला निम्म्याहून अधिक वाटा मिळायचा, म्हणून बँडचा डोळा कायम दाराकडे असायचा. १९६२ साली लिव्हरपूलमध्ये रॉयल शोबँडच्या कार्यक्रमाआधी वाजवायला जी स्थानिक पोरं होती त्यांचं नाव बीटल्स, एवढं सांगितलं तर त्या काळातला या धंद्याचा भाव कळावा.

गॅलहर या धंद्यात उपरा नव्हता. वडील डॅनी सरकारी वीजमंडळात, अर्न नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर होते आणि टीर कोनल केली बँडमध्ये ॲकॉर्डियन वाजवत. म्हणजे घरात वीजही होती आणि नाचाचं संगीतही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला याहून चांगलं घराणं कुठलं? कुटुंब डेरीला गेलं आणि तिथून १९५६ मध्ये आईच्या माहेरी, कॉर्कला. तिथे शाळेत असतानाच पोरगा फोंटाना शोबँडमध्ये शिरला. रात्रभर कुठल्यातरी परगण्यात वाजवायचं, पहाटे गाडीत पेंगत परत यायचं आणि सकाळी ख्रिश्चन ब्रदर्सच्या वर्गात बसायचं, असा तो क्रम. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, लेंटमध्ये, आयर्लंडमधले नाच बंद असत. तेव्हा शोबँड इंग्लंडमधल्या, अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांच्या बॉलरूममध्ये जात. फोंटानाचं नाव पुढे ‘इम्पॅक्ट’ झालं, सूर ऱ्हिदम अँड ब्लूजकडे झुकला, माद्रिदजवळच्या अमेरिकन हवाईतळावरही त्यांनी वाजवलं. बँड मोडल्यावर उरलेल्या तिघांनी हॅम्बर्गचे क्लब गाठले. १९६६ मध्ये कॉर्कला परतून गॅलहरने ‘टेस्ट’ हा तिघांचा बँड काढला, तोवर त्याच्या गाठीशी तीनएक वर्षांची रोजंदारी जमा होती. वय अठरा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. खुद्द गॅलहरला शोबँडचा कंटाळा होता. ठरलेल्या पावलांचे नाच, गणवेश, दुसऱ्यांची गाणी हुबेहूब म्हणणं या सगळ्याबद्दल तो कडवटपणे बोलत असे. आपली स्वतःची गाणी वाजवायला मिळेनात हे त्याचं दुखणं होतं. मग त्याला त्याच धंद्याचा वारस कसं म्हणायचं? पण माणूस धंद्यातली कुठली गोष्ट टाकतो आणि कुठली उचलतो, हे वेगवेगळं तपासायला हवं. गॅलहरने टाकलं ते दर्शनी रूप: सूट, पावलं, आठवड्याची गाजलेली गाणी. त्याने ठेवलं ते आतलं वळण: लांबलचक कार्यक्रम, गावोगावची फिरती, लोक पैसे देऊन आलेत तर त्यांना घामाघूम करून घरी पाठवायचं ही जिद्द, आणि हिशेब घरच्या माणसाच्या हाती. सख्खा भाऊ डोनल अखेरपर्यंत त्याचा व्यवस्थापक होता. एवढंच कशाला, चौकड्यांचा तो शर्टसुद्धा इतकी वर्षं अंगावर राहिला की त्याचाही गणवेशच झाला. फक्त तो रंगमंचावरच्या चमकीऐवजी खाली उभ्या असलेल्या कामगार पोरांच्या अंगावरच्या कपड्यांसारखा होता.

टेस्टचा काळ छोटा आणि वेगवान. बँड बेलफास्टला गेला, मग लंडनला. वाटेत दोघे साथीदार बदलले आणि १९६८ मध्ये उत्तरेकडचे रिचर्ड मॅक्रॅकन आणि जॉन विल्सन आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली, १९६९ मध्ये ब्लाइंड फेथ या बँडसोबत अमेरिका झाली, ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात त्यांनी अफाट गर्दी हलवली. आतून मात्र पैशांच्या आणि व्यवस्थापनाच्या भांडणाने बँड पोखरला होता. १९७० च्या शेवटच्या रात्री, बेलफास्टमध्येच, तो संपला. यानंतर गॅलहर स्वतःच्या नावाने उभा राहिला. बेसवर बेलफास्टचा जेरी मकॅव्हॉय आला आणि तो वीस वर्षं राहिला.

पुढच्या दशकात त्याने काय काय नाकारलं हे पाहण्यासारखं आहे, कारण माझ्या मते खरा पुरावा तिथे आहे. त्या काळच्या रॉकमध्ये ध्वनिमुद्रिका हा माल आणि दौरा ही त्याची जाहिरात असं गणित बसत चाललं होतं. गॅलहरचं उलटं: कार्यक्रम हा माल, तबकडी ही त्याची आठवण. रेडिओसाठी छोट्या सिंगल तबकड्या काढायला तो तयार नसे, त्यामुळे विक्रीत किती नुकसान झालं असेल ते असो. लोकांना सगळ्यात जास्त भावले ते त्याचे प्रत्यक्ष कार्यक्रमांतले संग्रह, १९७२ चा ‘लाइव्ह इन युरोप’ आणि १९७४ चा ‘आयरिश टूर’. डिसेंबर १९७१ मध्ये मडी वॉटर्स या ब्लूज गायकाने लंडनमध्ये ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गॅलहरला बोलावणं होतं. ज्याच्या तबकड्यांवर तो वाढला त्याच्याबरोबर वाजवायची संधी. दुसऱ्या कुणी आपले कार्यक्रम रद्द केले असते. हा गडी बाहेरगावचा ठरलेला कार्यक्रम उरकून रात्री गाडी हाकत स्टुडिओत पोचला, आणि मडी त्याच्यासाठी थांबला होता. जानेवारी १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सना नवा गिटारवादक हवा होता. गॅलहर रॉटरडॅमला जाऊन त्यांच्यासोबत वाजवून आला, आणि जपानचा दौरा ठरलेला म्हणून निघून गेला. यावर पुष्कळ रोमँटिक लिहिलं गेलं आहे. मला त्यात शोबँडचा जुना, कोरडा नियम दिसतो: घेतलेली सुपारी मोडायची नाही.

कुणी म्हणेल, फिरती तर त्या पिढीतल्या सगळ्याच इंग्रज बँडनी केली. यात आयरिश काय? फरक रस्त्यांत आहे. १९६९ नंतर उत्तर आयर्लंड कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचाराने पेटलं. बाहेरच्या कलावंतांनी बेलफास्टकडे पाठ फिरवली. विमा, भीती, कारणं समजण्यासारखी होती. गॅलहर जात राहिला. १९७२ च्या नववर्षाला तो तिथल्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवत होता; शहर बाँबच्या आवाजांना सरावलेलं होतं आणि आत कॅथलिक-प्रोटेस्टंट पोरं खांद्याला खांदा लावून उभी होती. जानेवारी १९७४ च्या दौऱ्यात त्याने बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क ही तिन्ही शहरं घेतली, आणि टोनी पामर या दिग्दर्शकाने त्याचं चित्रीकरण केलं. याला शौर्य म्हणतात आणि ते शौर्य होतंही. तरी हे धैर्य कुठून आलं असा प्रश्न विचारला तर उत्तर पुन्हा त्या धंद्यापाशी येतं. शोबँडच्या नकाशावर उत्तर-दक्षिण सीमा नव्हती. हा प्रकारच मुळी स्ट्रबेनमध्ये, म्हणजे उत्तरेत जन्मला. दक्षिणेचे बँड शुक्रवारी इकडे आणि शनिवारी तिकडे वाजवत, आणि एकाच बँडमध्ये दोन्ही पंथांची माणसं असत. डोनेगलमध्ये जन्मलेल्या, डेरीत काही वर्षं काढलेल्या, बेलफास्टची माणसं साथीला घेतलेल्या गॅलहरला बेलफास्ट हे ‘धोक्याचं ठिकाण’ नव्हतं, फिरतीतलं एक गाव होतं. राजकीय भाषण त्याने केलं नाही. येणं हेच काय ते.

त्या नकाशाचे तुकडे कसे झाले तेही सांगायला हवं. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे मायामी शोबँड उत्तरेतल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत होता. रस्त्यात लष्करी गणवेशातल्या लोकांनी गाडी अडवली. तो नाका खोटा होता. ते अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स या प्रोटेस्टंट निमलष्करी गटाचे लोक होते आणि त्यांतले काही सरकारी राखीव दलातलेही. गाडीत लपवत असलेला बाँब आधीच फुटला, त्यात त्यांचेच दोघे मेले. मग इतरांनी वादकांवर गोळ्या झाडल्या. फ्रॅन ओटूल, टोनी गेराटी आणि ब्रायन मकॉय हे तिघे ठार झाले. मकॉय प्रोटेस्टंट होता. यानंतर दक्षिणेच्या बँडनी उत्तरेचा रस्ता जवळजवळ सोडला. दारूचा परवाना असलेली हॉटेलं आणि डिस्को यांनी बॉलरूमची गिऱ्हाइकं आधीच ओढायला सुरुवात केली होती. दशक संपेतो शोबँडचा धंदा आटला. गॅलहर मात्र त्यानंतरही अल्स्टर हॉलमध्ये येत राहिला. फिरतीच्या ज्या वाटेला तो शाळकरी वयात लागला, तिच्यावर शेवटी तोच चालताना दिसतो.

दुसरा मोठा आक्षेप सुरांचा. ब्लूज ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची निर्मिती. तिचं मूळ मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत आणि शिकागोच्या गल्ल्यांत आहे, आयरिश नाचघरांशी तिचा काय संबंध? संबंध मुळाचा नाहीच, आणि ‘आयरिश ब्लूज’ असला हळवा दावा मला मान्य नाही. गॅलहरचं ऋण स्पष्ट आहे: लॉनी डोनेगनच्या तबकड्यांतून लेड बेली आणि वुडी गथ्री, अमेरिकन सैन्याच्या रेडिओवरून रात्रीबेरात्री ऐकलेला ब्लूज, आणि मग मडी वॉटर्स. प्रश्न आहे तो सूर कॉर्कमधल्या मुलाच्या हातात पोचल्यावर त्याला उभं राहायला जागा कुठे मिळाली याचा. १९६३ च्या कॉर्कमध्ये विजेची गिटार घेऊन, पैसे मिळवत, शेकडो लोकांसमोर चक बेरीची गाणी वाजवायची सोय एकाच ठिकाणी होती, शोबँडच्या मंचावर. नाचणाऱ्यांचे पाय थांबले की लगेच कळतं. लय पक्की ठेवणं, गाण्याची लांबी हॉल बघून कमी-जास्त करणं, एकट्या गिटारने दोघांचं काम करणं हे त्याचं सगळं शिक्षण तिथलं. व्हॉक्स एसी-३० हा साधा अँप आणि पुढे ट्रेबल बूस्टरची छोटी डबी, एवढ्याच सामानावर तो टेस्टच्या काळात वाजवत असे. लंडनमध्ये विद्यार्थी असलेल्या ब्रायन मेने ते सामान त्याला विचारून घेतलं आणि पुढे क्वीन या आपल्या बँडचा आवाज त्यावर बांधला. नावलौकिकाचं म्हणाल तर १९७२ मध्ये ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाच्या गिटारवादकांच्या कौलात गॅलहरने एरिक क्लॅप्टनला मागे टाकलं. जिमी हेंड्रिक्सने त्याला जगातला सर्वश्रेष्ठ म्हटल्याची जी कथा फिरते तिला मात्र धड आधार नाही, आणि तिची गरजही नाही.

या वारशाची किंमतही होती. शोबँडच्या वर्षात लेंट होता. ते बँड त्या दिवसांत परदेशी जात हे खरं, पण निदान पंचांगाला एक खंड होता, आणि लग्न करून, मुलं वाढवून, चाळिशीत दुकान टाकून स्थिरावलेले शोबँडवाले पुष्कळ होते. गॅलहरच्या वर्षात खंड नव्हता. युरोप संपला की अमेरिका, तिथून जपान, ऑस्ट्रेलिया. लग्न नाही, घर म्हणावं असं घर नाही. अखेरच्या वर्षांत तो लंडनमध्ये हॉटेलात राहत होता. विमानाची भीती जडली, तीवर औषधं आली, औषधांवर मद्य. १० जानेवारी १९९५ रोजी रॉटरडॅमला त्याने शेवटचा कार्यक्रम केला. यकृत निकामी झालं होतं. नवं बसवण्याची शस्त्रक्रिया झाली, तब्येत सुधारू लागली आणि रुग्णालयातच झालेल्या जंतुसंसर्गाने तो गेला. त्याला शोबँडने मारलं असं म्हणणं अतिरेक होईल. पण ‘प्रेक्षक आलेत, वाजवायला हवं’ हे ब्रीद विश्रांतीशिवाय पाळलं तर शरीर किती वर्षं पुरतं, ते त्याच्या आयुष्याकडे पाहून कळतं.

मरणोत्तर मानमरातब भरपूर मिळाले. कॉर्कमध्ये चौकाला त्याचं नाव आहे, ग्रंथालयाच्या संगीत विभागालाही. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०१० मध्ये बॅलीशॅननला पुतळा उभा राहिला, २०१८ मध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने चांदीचं नाणं काढलं. जानेवारी २०२५ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलबाहेर त्याचा पुतळा बसला. त्याची ढब १९७२ च्या जानेवारीतल्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून घेतली आहे. मला त्यातल्या त्यात हा पुतळा योग्य जागी वाटतो: सभागृहाच्या दाराबाहेर, जिथून गल्ला दिसतो.

आणि ती गिटार. १९६० च्या दशकात डब्लिनमध्ये ती एकदा चोरीला गेली, काही दिवसांनी खड्ड्यात ओली सापडली. त्यानंतर रंगाच्या खपल्या गळत गेल्या. घामाने उरलासुरला लेप खाल्ला आणि आतलं लाकूड उघडं पडलं. मानेची पट्टी घामाने इतकी भिजायची की ती काढून वाळत ठेवावी लागे. सहा खुंट्यांपैकी एक इतर पाचांहून वेगळी आहे, कारण मोडली तेव्हा जी मिळाली ती बसवली. गॅलहरने तिला नवा रंग दिला नाही, बदललीही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या बोनहम्स या लिलावघरात ती ८,८९,४०० पौंडांना गेली. घेणारी कंपनी संगीताचे कार्यक्रम भरवणारी, म्हणजे बॉलरूमवाल्यांच्याच धंद्यातली होती, आणि तिने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.